बाल्डर्स गेट ३: ड्रॅगनबॉर्न आला, आली की आलं?

लॅरियन स्टुडिओजचा हा व्हिडिओ गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आला. कथा आणि लढाईवर भरपूर लिहून झालंय, म्हणून इथे फक्त पात्र बनवायच्या स्क्रीनबद्दल. खेळता येणाऱ्या ११ वंशांत साधा माणूस एकच आहे. नाशिकच्या कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या गेमिंग कॅफेत चौघं शेजारी बसून मराठीत बोलत खेळतात, तेव्हा बाकीच्या दहांना (ड्रॅगनसारखा दिसणारा ड्रॅगनबॉर्न त्यातलाच एक) काय म्हणायचं हा प्रश्न वाक्यावाक्याला येतो.

गेमने सर्वांत चांगलं काय केलं, तर शरीर, आवाज, जननेंद्रियं आणि ओळख या चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. ओळखीत पुरुष, स्त्री आणि नॉन-बायनरी असे तीन पर्याय आहेत, आणि इतर पात्रं तुमच्याबद्दल बोलताना इंग्रजीतलं ‘ही’ (he), ‘शी’ (she) की ‘दे’ (they) म्हणणार ते त्यावरूनच ठरतं. दाढीवाली बुटकी (ड्वार्फ वंशाची) योद्धी हवी असेल तर बिनदिक्कत करा. मात्र शरीराचे चार प्रकार सगळ्यांना मिळत नाहीत. हाफलिंग, नोम आणि बुटके या ठेंगण्या वंशांना दोनच आहेत, आणि ही कंजुषी खटकते.

शरीर निवडून घाईने पुढे जाऊ नका, ओळखीचा रकाना वेगळा बघा. चूक लगेच लक्षात येत नाही, कारण निवेदिका तुम्हाला थेट ‘यू’ म्हणते. तिसऱ्या कुणी तुमचा उल्लेख केला तरच चूक कळते. तिसऱ्या पॅचपासून (गेमच्या अपडेटपासून) छावणीत जादूचा आरसा मिळतो. त्यात चेहरा, आवाज, सर्वनाम बदलता येतं. वंश आणि शरीराचा प्रकार मात्र बदलत नाही, तेव्हा तेवढं सुरुवातीलाच नीट ठरवा.

उणीव अशी की ‘इट’ (it) हा पर्याय खेळाडूला नाही. अंड्यातून जन्मणाऱ्या गिथयांकी वंशाच्या पात्रालाही माणसांसाठी केलेल्या त्याच तीन खणांत बसावं लागतं. गंमत म्हणजे याहून धीट उत्तर गेमच्या पहिल्याच जहाजावर आहे. उघड्या कवटीतला मेंदू सुटकेसाठी विनवतो आणि स्वतःला ‘अस’ (us, म्हणजे ‘आम्ही’) म्हणवतो. त्याला इजा न करता बाहेर काढलंत तर तो पुढे पुन्हा भेटतो. एवढं सुरेख पात्र लिहिणाऱ्यांनी खेळाडूलाही ती मोकळीक द्यायला हवी होती.

मराठीत या मेंदूची अडचणच येत नाही. ‘आम्ही आलो’ हे बाई, पुरुष, मेंदू सगळ्यांना चालतं. खरा पेच ‘दे’ निवडलेल्या पात्राचा. ‘ते आले’ म्हटलं की गावचे पाटील आल्यासारखं वाटतं, आणि ‘ते आलं’ म्हटलं की मोठ्या योद्ध्याचं लहान पोर होतं. त्यावर इलाज आहे. पात्राचं नाव घ्या आणि ज्या क्रियापदात लिंग दिसत नाही ते वापरा: ‘झारा येईल’, ‘झारा येत आहे’. भूतकाळात ‘ने’ लावा: ‘झाराने दार उघडलं’. इथे क्रियापद दाराच्या मागे जातं, झारा कोण हे उघड होत नाही. मात्र ‘झारा आली’, ‘झारा पडला’ अशा ठिकाणी सुटका नाही, तिथे खेळाडूला विचारून एकच रूप पक्कं करा. ‘मी मारतो’ की ‘मी मारते’ हे खेळाडूने पहिल्याच डावात ठरवलं की बाकीचे आपोआप तेच धरतात.

कॅफेत खेळणार असाल तर आधी मशीनवर १५० जीबी जागा आणि एसएसडी (वेगवान डिस्क) आहे का ते विचारा. साध्या हार्ड डिस्कवर दृश्यं अडखळतात. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या स्वतःच्या खात्यातून खेळा आणि उठण्याआधी क्लाउड सेव्ह (इंटरनेटवरची प्रत) पूर्ण झालंय याची खात्री करा, नाहीतर मेहनतीने घडवलेलं पात्र त्याच मशीनवर राहतं. एका पडद्यावर दोघांना खेळायचं असेल तर दोन कंट्रोलर सोबत न्या.

पात्र बनवायच्या सोयीला पाचपैकी चार. ‘इट’ आला असता तर पाचही दिले असते.