दुसऱ्या स्लॉटसाठी तरी हीच बॉडी घ्या: सोनी ए७ मार्क ३, लग्नसराई संपल्यावर

एका लग्नात ऐन वेळी बंद पडलेलं मेमरी कार्ड बदलून मिळालं, पण बरेच हेलपाटे घातल्यावर. मेमरी कार्डावरची ‘लाइफटाइम वॉरंटी’ कार्डाची असते, आतल्या फोटोंची नसते, हे काउंटरवरच्या माणसाने मला दर वेळी नव्याने ऐकवलं. बिल दाखवा, मूळ पाकीट आणा, फॉरमॅट करून पाहिलंत का? लग्नाचे फोटो अडकलेलं कार्ड फॉरमॅट करून कोण बघेल! कार्डातले फोटो परत काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याने सांगितलेल्या आकड्यात माझी त्या लग्नाची निम्मी कमाई गेली असती. ती वाचली, कारण माझ्या ए७ मार्क ३ कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट आहेत.

म्हणून हे लिहितोय. २४ मेगापिक्सेल, ऑटोफोकस, कमी उजेडातलं काम, यावर २०१८ पासून भरपूर लिहून झालंय. मी नोकरी सांभाळून लग्नं, मुंजी, बारशी करतो, त्यामुळे बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, सेकंडहँडच घेतली. घेताना लक्ष शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) आणि आयएसओवर (कमी उजेडात किती चालतो) होतं. आता माझा क्रम बदललाय. एकच स्लॉट असलेली बॉडी कितीही नवी आणि स्वस्त मिळाली तरी लग्नाच्या कामाला घेऊ नये.

अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, दोघं एकमेकांकडे बघतात. दोन-तीन सेकंदांत सगळं आटपतं. भटजींना ‘पुन्हा धरा’ म्हणता येत नाही. कार्ड गेलं ते त्यानंतर लगेच, हार घालताना. पहिल्या स्लॉटमध्ये रॉ (सगळा तपशील राखणारी मूळ फाइल) आणि दुसऱ्यात जेपेग (आकुंचित तयार फोटो) असं सेटिंग होतं, त्यामुळे अंतरपाटाची सगळी मालिका जेपेगमध्ये शाबूत राहिली. स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांनी चेहऱ्यांचे रंग पार बिघडवले होते. जेपेगमधून ते सावरायला रात्री जागवाव्या लागल्या, पण अल्बम झाला.

तेव्हापासून दोन्हीकडे रॉच लिहितो. त्याची किंमत मोजावी लागते. या बॉडीत पहिला स्लॉट यूएचएस-२ या वेगवान प्रकारचा आहे, दुसरा जुन्या, संथ यूएचएस-१ चा. दोन्हीकडे रॉ टाकलं की बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) दुसऱ्याच्या संथ वेगानेच रिकामा होतो. त्यामुळे शटर दाबून धरायचं नाही. अक्षता पडताना तीन-चार फ्रेम घ्यायच्या आणि बोट उचलायचं. आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये महागडं यूएचएस-२ कार्ड घालू नका, ते तिथे यूएचएस-१ च्याच वेगाने चालतं.

लेन्सबद्दल थोडक्यात. माझ्याकडे टॅमरॉनची पहिली २८-७५ मिमी एफ/२.८ झूम आहे, वजनाला ५५० ग्रॅम; सोनीची पहिली २४-७० जीएम ८८६. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत कॅमेरा वागवताना हा फरक मानेला कळतो. तिच्यात २४ मिमीचा जास्त रुंद कोन नाही म्हणून घेताना मी कचरत होतो, कारण छोट्या कार्यालयात स्टेजसमोर मागे सरकायला जागाच नसते. आता त्या चार मिलिमीटरांची आठवण येत नाही. २४ वर ग्रुपच्या टोकाला उभ्या असलेल्या काकू-मावश्यांचे चेहरे आणि दंड रुंद येतात, आणि फोटो हातात पडल्यावर पहिली तक्रार त्यांचीच असते. २८ वर हे बरंच कमी होतं. शिवाय २८ वर १९ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. रुखवतातलं बारीक काम, मेंदी, जोडवी यांसाठी मी अगदी जवळून फोटो काढायची वेगळी मॅक्रो लेन्स घेतलीच नाही. जोडीला सोनीची ८५ एफ/१.८ आहे. दोन्हींचा फिल्टर ६७ मिमीचा, त्यामुळे एकच सेट पुरतो आणि घाईत टोपणं अदलाबदल झाली तरी बिघडत नाही.

सेकंडहँड बॉडी बघायला जाल तेव्हा स्वतःची दोन कार्डं न्या. मेन्यूत रेकॉर्डिंग मोड ‘सायमल्टेनियस’वर (दोन्ही कार्डांवर एकाच वेळी) ठेवून फोटो काढा आणि दुसऱ्या स्लॉटमधलं कार्ड तिथल्या तिथे लॅपटॉपवर उघडून बघा. बऱ्याचदा विकणाऱ्याने तो स्लॉट कधी वापरलेलाच नसतो, त्यामुळे तो चालतो की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. चालत नसेल तर भाव पाडून मागत बसू नका, उठून या.