बाळाच्या मासे-भातासाठी पुरणयंत्र

होळी-पाडव्याला माळ्यावरून खाली येणारं पुरणयंत्र सध्या आमच्या ओट्यावर मुक्कामाला आहे. लेक आठ महिन्यांची आहे आणि तिचा मासे-भाज्यांचा मऊ भात त्यातूनच निघतो. घरचं जुनं ॲल्युमिनियमचं होतं, म्हणून रत्नागिरीच्या बाजारपेठेतून स्टीलचं नवीन घेतलं. तीन जाळ्या, साडेसातशे रुपये. बाळाचं खाणं वाटायच्या विजेच्या यंत्रांपुढे ही किंमत काहीच नाही, आणि काम माझ्या मते सरस आहे.

दोन चमचे आंबेमोहराची कणी, चमचाभर मूगडाळ, लाल भोपळ्याची फोड, गाजराचे काप. पाचपट पाणी घालून कुकरला अगदी गिच्च शिजवायचं. हाच भात मिक्सरला लावला की खळीसारखा होतो आणि बाळाच्या टाळूला चिकटून बसतो. पुरणयंत्रात तो फक्त दाबला जातो, म्हणून मऊ होऊनही चिकट होत नाही. गाजराच्या मधल्या दांड्याचे दोरेही जाळीवरच राहतात.

मासा वेगळा शिजवते. मिरकरवाड्याला ताजी मुडदुशी मिळाली तर तीच, नाहीतर पापलेट. मुडदुशी पचायला हलकी म्हणून आमच्याकडे बाळंतिणीला आणि लहान मुलांना आवर्जून देतात. मोरी, म्हणजे शार्क मासा, तोसुद्धा बाळंतिणीला देतात, पण मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, त्यामुळे मोरी बाळाच्या ताटात नको. तुकड्याला चिमूटभर हळद, लसणीची एक पाकळी, बुडापुरतं पाणी आणि वर झाकण. मीठ नाही, वर्षाच्या आत ते लागतच नाही. गर बोटाने सुटायला लागला की गॅस बंद करायचा.

आता काटे. यंत्र काटे अडवतं यावर अजिबात विसंबू नका, बारीक काटा उभा झाला की भोकातून सहज खाली जातो. ताटलीत गर पसरायचा आणि चिमटीत चुरून बघायचा. मग परत एकदा, उजेडाकडे तोंड करून. त्यानंतरच गर यंत्रात. शेवटी भातात कालवून वर अर्धा चमचा तूप. मासा पहिल्यांदाच देत असाल तर सकाळी, अगदी थोडा द्या, म्हणजे अंगावर पुरळ उठलं किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी लक्षात येतं.

मला सगळ्यात आवडल्या त्या जाळ्या. सुरुवातीला बारीक भोकांची वापरली, आता मधली लावते, पुढे मोठी. बाळाला हळूहळू जाडसर खाण्याची सवय लागायला हवी. दहा महिन्यांपर्यंत नुसतं गुळगुळीतच भरवत राहिलं तर पुढे चावून खायला मुलं कुरकुरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही सहा महिन्यांनंतर रोज मांस, मासे किंवा अंडं द्यावं असं आहे, त्यामुळे आमच्याकडे हे यंत्र जवळजवळ रोज धुतलं जातं.

आणि धुणं हाच त्याचा त्रास. भात वाळला की भोकं बुजतात, मग टोकदार काडी घेऊन बसा. वापरल्या वापरल्या पाण्यात टाका. माशाचा वास राहतो, लिंबाची साल चोळली की जातो. दुसरं म्हणजे एका बाळापुरता भात त्यात फार कमी पडतो. निम्मा कडेलाच लागून राहतो आणि चमच्याने खरवडावा लागतो. मी भात-भाजी थोडी जास्त लावते, उरलेलं मासा घालायच्या आधीच बाजूला काढते आणि त्यात मीठ-जिरं घालून आम्ही खातो.

घेताना दुकानातच दांडा फिरवून बघा. पातं जाळीला सगळीकडून टेकलं पाहिजे आणि स्प्रिंग घट्ट हवी, नाहीतर भात खाली न जाता नुसता गोल फिरतो. पाय किती लांब आहेत तेही बघा. माझ्या यंत्राचे घरातल्या लहान पातेल्यावर बसत नाहीत, त्यासाठी मोठी परात काढावी लागते.