फँटसी स्प्रिंग्ज: टोकियो डिस्नीसीमध्ये आधी काय बघावं, काय सोडावं

टोकियो डिस्नीसी उद्यानाच्या फँटसी स्प्रिंग्ज या भागात ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या आरेंडेल राज्याच्या बोटीत बसलात की तिथल्या एल्सा राणीचा चेहरा नीट बघा. ओठ, गाल, भुवया खरोखर हलतात. फ्लोरिडातल्या डिस्नीच्या एपकॉट उद्यानात २०१६ साली ‘फ्रोझन’वरची बोट राइड सुरू झाली, तेव्हा तिथल्या पुतळ्यांच्या कोऱ्या चेहऱ्यांवर प्रोजेक्टरने डोळे-तोंड उमटवलं होतं. त्यामुळे अंधारात चेहरा कंदिलासारखा उजळायचा आणि मान-खांदे काळोखात राहायचे. शिवाय ती राइड नॉर्वे दालनातल्या जुन्या बोट राइडच्याच कालव्यात बसवलेली, म्हणजे जागा आधी आणि गोष्ट नंतर. टोकियोत सगळं पायापासून बांधलंय. चेहरे घडीव आहेत, ते आतून विजेवर हलतात आणि प्रसंगांना हवी तेवढी मोकळी जागा मिळाली आहे. पैसा कुठे गेला ते इथे दिसतं.

पैसाही थोडाथोडका नाही. फँटसी स्प्रिंग्ज हे डिस्नीसीचं आठवं ‘बंदर’ (इथल्या भागांना बंदर म्हणतात) ६ जून २०२४ रोजी उघडलं. सुरुवातीचा अंदाज २५० अब्ज येनचा होता, तो ३२० अब्जांवर गेला. हॉटेल धरून प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे १ लाख ४० हजार चौरस मीटर. हा खर्च डिस्नीने केलेला नाही. टोकियोची दोन्ही उद्यानं ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवान्यावर चालवते. बांधकामाचा खर्च तिचा, डिस्नीला रॉयल्टी मिळते. दगडी भिंतीचा कोपरा असो की रांगेतला दिवा, कुठेही हात आखडता घेतलेला नाही. प्रवेशाच्या खडकांमध्ये डिस्नीची पात्रं कोरली आहेत आणि त्यांच्यामधून झरे वाहतात. तिथे दोन मिनिटं थांबाच.

आत तीन भाग आहेत: ‘फ्रोझन’चं राज्य, रपुन्झेलचं जंगल आणि पीटर पॅनचं नेव्हरलँड. राइड एकूण चार, आणि सगळी अडचण या आकड्यात आहे. जागा प्रशस्त, पण माणसं जिरवणाऱ्या राइड मोजक्या. गर्दीच्या दिवशी ‘फ्रोझन’ची रांग दोन तासांच्या वर जाते.

बोट राइड अधूनमधून बंद का पडते, हे समजून घेतलं तर रांगेत चिडचिड कमी होईल. बोटींना स्वतःचं इंजिन नसतं. पंपांनी फिरवलेल्या पाण्याच्या ओढीने त्या सरकतात. मधल्या चढावर किंवा घसरणीच्या तोंडाशी एक बोट अडली की मागच्या सगळ्या एकामागे एक तुंबतात. कुणी उभं राहिलं, मोबाइल पाण्यात पडला, चढणाऱ्याला वेळ लागला, एवढं कारणही पुरतं. थोडा खोळंबा असेल तर बसल्या जागी तेच गाणं पुन्हा ऐकावं लागतं. बिघाड मोठा असेल तर प्रत्येक बोटीतली माणसं हाताला धरून बाहेर काढावी लागतात आणि मग तास-दीड तास सहज जातो. म्हणून ‘फ्रोझन’ रात्रीवर ढकलू नका. सकाळी बंद पडली तर दिवस हातात असतो.

ही राइड साधारण साडेसहा मिनिटांची. शेवटाकडे एक छोटी घसरण आहे. पोटात गोळा येण्याइतकी नाही, पण पुढे बसलेल्यांवर थेंब उडतात. संवाद आणि गाणी जपानीत आहेत. मुलांनी चित्रपट पाहिलेला असेल तर काही अडत नाही. आजी-आजोबांना मात्र आदल्या रात्री गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर दोघी बहिणी का भांडतायत हेच कळत नाही.

रपुन्झेलची राइडही बोटीचीच, पण जेमतेम पाच मिनिटांची. सुरुवातीचे प्रसंग पटापट उरकले आहेत आणि सगळा जीव शेवटच्या कंदिलांच्या दालनात ओतला आहे. ते दालन अप्रतिम आहे. तरीही मधे गोष्ट तुटते, ही तक्रार रास्तच. दोन तास उभं राहण्याजोगी ही राइड नाही. रांग तासाच्या आत आली की बसा. अंधार पडल्यावर बाहेरून मनोरा आणि त्यात उजळलेली खिडकी बघायला मात्र रांग लागत नाही.

पीटर पॅनची राइड चौघींत सगळ्यात दणकेबाज. थ्रीडी चष्मा लावायचा, गाडी मोठमोठ्या पडद्यांसमोरून उडते-झुकते आणि कॅप्टन हुक या चाच्याच्या तावडीतून जॉन या मुलाला सोडवायचं. इथे उंचीची अट आहे: किमान १०२ सेंटीमीटर. मोजपट्टी दारातच असते आणि कर्मचारी अर्धा सेंटीमीटरही सोडत नाहीत. मूल लहान असेल तर रांगेत शिरण्यापूर्वीच आळीपाळीने बसायचंय असं सांगा. एक पालक बसून येतो, मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. मान किंवा पाठ दुखत असेल, गाडी लागत असेल, तर ही टाळा. टिंकर बेलच्या चिमुकल्या गाड्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी छान. मूल सोबत नसेल तर सरळ सोडा.

पहिले काही महिने इथे पासाशिवाय पाऊलही टाकता येत नव्हतं. १ एप्रिल २०२५ पासून ती अट गेली. आता कुणीही आत जाऊन साध्या रांगेत उभं राहू शकतं. घाई असेल तर तिन्ही मोठ्या राइडना ‘प्रीमियर ॲक्सेस’ हा सशुल्क पास आहे, दर माणशी २,००० येन. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही, पण चौथ्या वर्षापासून मोठ्यांइतकेच पैसे. चौघांचे एका राइडला ८,००० येन होतात, म्हणून घ्यायचाच असेल तर एकाच राइडसाठी घ्या आणि ती ‘फ्रोझन’ असू द्या. हा पास उद्यानात शिरल्यावरच ॲपवर मिळतो. एक घेतला की दुसऱ्यासाठी ६० मिनिटं किंवा पहिल्याची वेळ होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर थांबावं लागतं.

इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास फजिती होते ती कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपणहून सुरू करावे लागतात. ते घरूनच करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार असेल तर रोमिंगही चालू हवं. दारात उभं राहून बँकेला फोन लावेपर्यंत त्या दिवसाचे पास संपलेले असू शकतात.

सकाळी दारातून आत आल्या आल्या पास घ्या आणि चालू लागा. फँटसी स्प्रिंग्ज उद्यानाच्या पार टोकाला, अरेबियन कोस्ट आणि लॉस्ट रिव्हर डेल्टा या भागांच्या मधे आहे. पोरंबाळं घेऊन पंधरा मिनिटं धरा. पीटर पॅनच्या रांगेत आधी उभे राहा, ‘फ्रोझन’ पासाच्या वेळेला. दुपारी पाय दुखू लागले की लॉस्ट रिव्हर डेल्टाच्या धक्क्यावरून बोट पकडा, ती दाराजवळच्या भूमध्य बंदरावर (मेडिटेरेनियन हार्बर) आणून सोडते.

खाण्याबद्दल कोणी गोड बोललं तरी शाकाहारींनी विश्वास ठेवू नये. वरून भाज्यांचं दिसणारं सूपही माशांच्या अर्कात शिजलेलं असू शकतं. डबा आत नेता येत नाही, पण दाराबाहेर सहलीची जागा आहे आणि परत आत येता येतं. ठेपले, दशम्या, चटणी तिथेच खावी. अडचण एवढीच, की या टोकापासून दारापर्यंत जाऊन येण्यात अर्धा-पाऊण तास मोडतो. म्हणून सकाळी पोटभर खाऊन निघणं उत्तम.

टोकियोतल्या निशी-कासाई भागात मुक्काम करणाऱ्या किंवा तिथल्या मराठी नातेवाइकांकडे राहणाऱ्यांनी टोकियो स्टेशन गाठायची गरज नाही. शेजारच्या कासाईहून ‘शटल सेव्हन’ ही बस थेट इथे येते. टोकियो स्टेशनवरून येणार असाल तर इकडे येणाऱ्या केइयो लाइन या रेल्वेमार्गाचा फलाट बाकी फलाटांपासून लांब आहे, दहा मिनिटं जास्तीची ठेवा. उद्यानाजवळच्या मायहामा स्टेशनवरून डिस्नीसीला चालत गेलं तरी चालतं. तिथून सुटणारी मोनोरेल एकाच दिशेने फिरते आणि डिस्नीसी तिचा शेवटचा थांबा. आणि केइयो लाइन खाडीकाठाने जाते, जोराचा वारा सुटला की गाड्या रखडतात. वादळी हवेच्या दिवशी परतीची बसही आधीच बघून ठेवा.