वागळे इस्टेटमधली कृतिसंशोधन सेवा: पहिली फेरी चोख, दुसरी अर्धवट

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांसाठी असलेली ही तीन महिन्यांची सेवा. बी.एड.ला वहीत उरकतात ते कृतिसंशोधन हे नव्हे. सल्लागार अहवाल टेकवून निघून जात नाही. काम करणारी माणसंच अडचण मोजतात, एक बदल करून बघतात, पुन्हा मोजतात; ही झाली एक फेरी. मूळ मांडणी मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांची, १९४६ ची.

सुरुवात उत्तम. कशालाही हात लावण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद. पाळी बदलताना किती माल रिजेक्ट होतो ते ऑपरेटर स्वतः तक्त्यावर लिहितो: वेळ, मशीन, नग, कारण. कारणाच्या रकान्यात 'दुर्लक्ष' लिहायला मनाई. 'डाय (साचा) गार होती', 'सेटिंग बदलल्याचं सांगितलं नाही' असं तपासता येणारं कारणच चालतं. या एका नियमाला पैकीच्या पैकी गुण. गट सहा-आठ जणांचा, त्यात स्टोअरकीपर आणि कंत्राटी कामगारही. मग बदल एकच, समजा दोन पाळ्या दहा मिनिटं एकत्र ठेवणं. दोन बदल एकदम केले की गुण कशाचा आला ते कळत नाही.

घोळ पुढे होतो. बैठकीत सुपरवायझर येऊन बसतो आणि सगळे गप्प. तक्ते कुणाच्या ताब्यात राहतील, पगारवाढीच्या वेळी ते काढले जातील का, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरायला हवं. इथे तोंडी आश्वासनावर भागवतात. मग भीतीपोटी नोंदी कमी होतात आणि रिजेक्शन कागदावरच घटतं.

मुदतही तोकडी. सगळ्यांचं लक्ष असताना आकडे सुधारतातच. ते टिकतात का, हे दुसऱ्या फेरीत कळतं, आणि ती जेमतेम सुरू होते तोवर तीन महिने संपतात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये मागांवरच्या कामगारांचे छोटे गट बांधले आणि काम सुधारलं. १९७० मध्ये त्याच संस्थेच्या एरिक मिलर यांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तर ती पद्धत कुठे टिकली होती, कुठे ढासळली होती. इथे सहा महिन्यांनंतरची साधी मोजणीही पॅकेजमध्ये नाही.

घ्यायचीच तर जानेवारीत सुरू करा, म्हणजे मार्चअखेरच्या डिस्पॅचची घाईही मोजणीत येईल. शेवटचं प्रेझेंटेशन वगळायला सांगा आणि त्याबदली सप्टेंबरात दोन दिवसांची मोजणी करारातच लिहून घ्या.