पोचे काढायचे गोळे घेताना खिशात व्हर्नियर ठेवा

लग्नसराई संपली की बँडवाल्याकडे दोनच गोष्टी उरतात: उधारी आणि पोचे पडलेली वाद्यं. टेम्पोत वाद्यं एकावर एक आदळतात, इफोनियम या मोठ्या पितळी फुंकवाद्याचा खालचा वाक तर हमखास चेपतो. बँडची वाद्यं जिथे बनतात त्या मेरठला पाठवायची तर भाडं परवडत नाही. त्यामुळे आमच्या अमळनेरच्या पार्टीची वाद्यं मार्गशीर्षापर्यंत तशीच पडून होती. सारंगखेड्याच्या यात्रेत एक जण पोचे काढायच्या पोलादी गोळ्यांचा सेट विकत होता, तिथे आम्ही थांबलो.

त्याने ट्रम्पेटच्या सरळ नळीत गोळा टाकला, मागून दुसरा गोळा सोडून नळी हलवली. ठोके बसत गेले आणि पोचा सपाट झाला. सेट साडेसात हजारांचा. प्रत्येक गोळ्यावर मिलिमीटरमध्ये माप कोरलेलं: १२.०, १२.२, १२.४, असं चढत चढत.

गोम त्या सरळ नळीतच होती. ती सगळीकडे सारख्या रुंदीची, तिथे बरोबर मापाचा एक गोळा पुरतो. इफोनियमची नळी पुढे पुढे रुंद होत जाते, त्यात वाक. तिथे गोळे अगदी थोड्या थोड्या फरकाने चढवत न्यावे लागतात, कारण पितळेचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. एकदम मोठा गोळा घुसला की नळी ताणते किंवा गोळा रुततो. आमचा रुतला. १३.२ लिहिलेला पोच्याला न शिवता घरंगळत गेला आणि १३.४ वाकात अडकला.

जळगावच्या लेथवाल्या दादांनी उरलेल्या गोळ्यांना व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला आणि हसलेच. "हाई ते सम्दं एकच माप शे, भाऊ!" १२.० पासून १३.२ पर्यंतचे सगळे गोळे १२ चेच! अडकलेला निघाला १४ च्या वर. चुंबक चिकटेना, कानस मारली तर मुलाम्याखाली पिवळं. पोलाद नव्हतंच. गोळा काढायला जोडाचा डाग (सोल्डर) सोडवून वाक वेगळा करावा लागला, तरी नळीला चीर गेलीच. धुळ्याच्या लग्नाला इफोनियम भाड्याने आणला, ते वेगळंच.

विकणाऱ्याचा फोन बंद. पावतीवर पत्ता नाही, क्यूआर कोड तिसऱ्याच नावाचा. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. त्यांनी विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला. काय सांगणार?

असा सेट घेणार असाल तर मधले चार-पाच गोळे स्वतः निवडून मोजा, चुंबक लावून बघा, पत्ता असलेलं बिल घ्या. आणि प्रयोग त्याच्या ट्रम्पेटवर नको, आपल्या इफोनियमचा वाक पुढे करा. खरा कारीगर तयार होईल. हा विकणारा लगेच गिऱ्हाइकांची गर्दी दाखवून "नंतर या" म्हणेल. आमच्या मागे उभ्या असलेल्या एका चोपड्याच्या बँडवाल्याला त्याने तेच सांगितलं होतं.