ताप अंगात आणि ‘प्रायव्हेट आयलंड’ पॅकेजमध्ये: देवबागच्या हनिमूनचे 34,500 रुपये

तारकर्ली-देवबागचं ‘प्रायव्हेट आयलंड हनिमून’ कुणी तुम्हाला विकत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. देवबागला बेट आहे, ते खोटं नाही. पण ते कुणाचं प्रायव्हेट नाही आणि तिथे रात्री राहायची सोयही नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. ओहोटीला उघडा पडतो, भरती चढली की बराचसा पाण्याखाली जातो. सीझनमध्ये तिथे जेट स्की, बनाना राइड, भजी, मॅगी आणि ही गर्दी. आम्हाला पाठवलेल्या फोटोत मात्र पाण्यावर उभ्या लाकडी खोल्या होत्या. नंतर तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, तर मालदीवचा निघाला.

पॅकेज 34,500 रुपयांचं. कुडाळ स्टेशनवरून एसी गाडी, ‘सी-फेसिंग’ खोली, आयलंडवर दोघांचा नाश्ता, स्कूबा, डॉल्फिन सफारी, कँडल लाइट डिनर. सगळी रक्कम आधी, यूपीआयने. इन्स्टाग्रामवर भलेमोठे फॉलोअर, खाली ‘बेस्ट सर्व्हिस’च्या कमेंट. लग्नाच्या धावपळीत त्या कमेंट करणारी माणसं खरी की खोटी हे कोण बघत बसतं?

पूजा-गोंधळ आटोपेपर्यंत नवऱ्याला ताप भरला आणि माझं नाक-कान चोंदून गेले. दोन्ही घरची माणसं म्हणाली, पुढे ढकला, कोकण कुठे पळून चाललंय. आम्हालाही तेच हवं होतं. मी एजंटला फोन लावला. त्याची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागितली, हे फार बरं झालं. ‘मॅडम, प्रॉपर्टी नॉन-रिफंडेबल आहे. ओनर ऐकायलाच तयार नाही. डेट बदलली तर 60 टक्के कापतात. तुम्ही एक पेनकिलर घेऊन निघा, समुद्राच्या हवेने ताप उतरतो.’ नवरा ठाण्याहून रात्रीच्या गाडीत शाल गुंडाळून बसला.

मूळ लबाडी या मेसेजमध्ये आहे. खोली साधी निघणं, गाडी न येणं हे नेहमीचं. तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते.

कुडाळला गाडी आली नव्हती. एजंटचा फोन ‘बिझी’. रिक्षा करून देवबागला पोचलो. घर छान, शेणाने सारवलेलं अंगण, माडांची रांग; समुद्र मात्र घरामागच्या वाटेने चालत गेल्यावर. मालकीणबाईंनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि सामान आत घ्यायच्या आधी मला म्हणाल्या, “बरां नाय हा तर कशाक इलात गो?” मी म्हटलं, तारीख बदलली तर तुम्ही पैसे कापता ना, काकू. त्यांना आधी कळेचना. मग त्यांनी वही काढली. आमच्या नावापुढे 2,000 रुपये आगाऊ, बाकी आल्यावर. खोलीचा दर रात्रीला 2,500. “माका कोणी कायच सांगूक नाय. तारीख बदलूक काय पैशे पडतत?”

म्हणजे जिच्या नावाने आम्हाला घाबरवलं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. एजंटने चौतीस हजारांतले दोन हजार इकडे टाकले होते. खोलीचे उरलेले पैसे आम्ही तिथे पुन्हा भरले. काकूंवर त्याचा राग काढून काय करायचं? उलट त्यांनी उकड्या तांदळाची पेज आणि लिंबाचं लोणचं दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आयलंडच्या नाश्त्याचं तर कुणाला ठाऊकच नव्हतं. बोटवाल्या दादाने आमचं व्हाउचर उलटसुलट करून पाहिलं आणि असलं कार्ड घेऊन माणसं येत असतात म्हणून सांगितलं. बोटीचे पैसे वेगळे, भरती-ओहोटी बघून वेळ तो ठरवणार, एजंट नव्हे. ज्याला ओहोटीची वेळ सांगता येत नाही त्याच्याकडून त्या बेटावरचा कुठलाही कार्यक्रम विकत घेऊ नये, असं माझं मत झालंय.

स्कूबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे पैशापेक्षा जास्त जाऊ शकलं असतं. सर्दी आहे हे मी एजंटला कळवलं होतं. त्याचं उत्तर: ‘नाकात ड्रॉप टाका, सगळे करतात.’ शिवाय त्याने मोबाइलवर एक फॉर्म पाठवला होता, त्यात ‘मला कोणताही आजार नाही’ यापुढची खूण आधीच केलेली होती. मालवणला डायव्हिंगवाल्या मुलाने माझा आवाज ऐकला, नाक दाबून कानात हवा भरायला सांगितलं. भरेना. त्याने सरळ नकार दिला.

कारण त्यानेच समजावलं. 10 मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब पाण्याबाहेरच्या दुप्पट होतो, आणि कानाला सगळ्यात जास्त त्रास पहिल्या काही मीटरांतच. घसा आणि कान जोडणारी नळी सर्दीने बंद असेल तर आतला दाब बाहेरच्याशी जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. ड्रॉप टाकून उतरलात आणि त्यांचा असर पाण्याखाली संपला, तर वर येताना अडकलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते. तो त्रास आणखी वाईट. त्या मुलाचं त्या दिवसाचं गिऱ्हाईक गेलं, तरी त्याने उतरवलं नाही. एजंटने मात्र आम्हाला ‘नो-शो’ दाखवलं. गंमत म्हणजे त्या मुलाच्या रजिस्टरमध्ये आमचं बुकिंगच नव्हतं. जाता जाता हेही: साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे तिथली जलक्रीडा बंद असते. जून-जुलैचं स्कूबा व्हाउचर कुणी विकत असेल तर आणखी चौकशी करायची गरजच नाही.

नवऱ्याचा ताप उतरेना म्हणून मालवणात डॉक्टरांकडे गेलो. पेनकिलर घेतली का, हा त्यांचा पहिला प्रश्न. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात, रिपोर्ट येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, असं ते म्हणाले. रिपोर्ट निगेटिव्ह आला, साधा व्हायरल होता. पण ‘एक पेनकिलर घेऊन निघा’ हा एजंटचा सल्ला आठवून माझ्या अंगावर काटा आला. सिंधुदुर्ग किल्ला आम्ही मालवणच्या धक्क्यावरून बघितला, तेवढाच.

घरी परतल्यावर डॉक्टरांचं सर्टिफिकेट, काकूंच्या वहीच्या पानाचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट एजंटला पाठवले. लगेच ‘रिफंड डिपार्टमेंट’मधून एकाचा फोन. आवाज मोठा गोड. 28,000 मंजूर झालेत, फक्त त्यावरचा 18 टक्के जीएसटी आधी भरा, तोही परत मिळेल. नवऱ्याने साफ नाही म्हटल्यावर त्याने क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. आधी नाडलेल्या माणसाला परताव्याचं गाजर दाखवून दुसऱ्यांदा कापतात, आणि पहिल्या वेळी गेलेले पैसे परत यावेत या आशेने चांगली शिकलीसवरलेली माणसं त्यात सापडतात.

तक्रारीचं असं. ऑनलाइन पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 वर फोन करायचा किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसार. आमच्या बाबतीत खोली थोडीफार मिळाली होती, त्यामुळे ‘हा ग्राहक तक्रारीचा विषय आहे’ असं ऐकावं लागलं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, देवबागला किंवा एजंटच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आमची तक्रार ठाण्याला दाखल आहे. सगळ्यात भक्कम कागद कुठला ठरला म्हणाल, तर काकूंच्या वहीचं पान. तारीख बदलायला त्या तयार होत्या हे त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय.

तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी घराच्या मालकाचा नंबर मागा आणि स्वतः बोला. एजंट नंबर देत नसेल तर त्याचं कारण पुरेसं स्पष्ट आहे. आजारी असाल तर तारीख बदलायचं मालकाशीच बोला. देवबाग, तारकर्ली, भोगवे, वेंगुर्ला, या पट्ट्यात घरगुती राहण्याची सोय करणारी बरीच मंडळी एका फोनवर ऐकतात. बिलावर जीएसटी नंबर आहे का, तेही बघा. आमच्या बिलावर नुसतं नारळाचं झाड होतं.

आणि यूपीआयवर रक्कम पाठवण्याआधी समोर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं, ते वाचा. आमच्या वेळी कंपनीऐवजी एका बाईचं नाव आलं होतं. विचारलं तर म्हणे, ‘अकाउंट्सच्या मॅडम आहेत.’ आयोगात तेच नाव दिलंय, कारण इन्स्टाग्रामचं पान तोवर नाव बदलून बसलं होतं. सध्या ते अंदमानची हनिमून पॅकेजेस विकतंय. फोटो तोच आहे.