एन्व्हलप की एलएफओ: सिंथचा आवाज नक्की कशाने हलवायचा?

सिंथवर (सिंथेसायझरवर) फिल्टरचा कटऑफ, म्हणजे आवाजातला वरचा भाग जिथून कापला जातो ती जागा, हलवायचाय, पण त्याला एन्व्हलप लावू का एलएफओ (लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर), हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो, कारण वरवर बघितलं तर दोघं एकच काम करतात, तुमच्याऐवजी नॉब फिरवतात. फरक आहे तो कधी फिरवतात यात. एन्व्हलप नोट दाबली की सुरू होतो, एकदा आपला रस्ता पूर्ण करतो आणि संपतो. एलएफओ संपतच नाही, तो वर-खाली, वर-खाली फिरतच राहतो. त्यामुळे माझा निकष साधा आहे: बदल नोटशी बांधलेला हवा असेल तर एन्व्हलप, आणि वेळेशी किंवा तालाशी बांधलेला हवा असेल तर एलएफओ.

शिकायला सुरुवात करणाऱ्याने आधी एन्व्हलपच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. एक प्रयोग करून बघा. साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) घ्या, व्हॉल्युमच्या एन्व्हलपचा सस्टेन (टिकण्याची पातळी) पूर्ण ठेवा, कटऑफ बराच खाली आणा आणि फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक (वर चढायचा वेळ) शून्य, डिके (सस्टेनपर्यंत उतरायचा वेळ) ३०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य द्या, अमाउंट (एन्व्हलप कटऑफला किती हलवतो ते) चांगला वर. झाला प्लक, तार छेडल्यासारखा. आता फक्त अटॅक ८०० मिलिसेकंदावर न्या आणि सस्टेन वर करा, तोच आवाज हळूहळू उघडणारा पॅड (लांब, पसरणारा आवाज) होतो आणि ऑसिलेटरला, म्हणजे मूळ लहर काढणाऱ्या भागाला, तुम्ही हातही लावलेला नसतो. आपला कान वाद्य ओळखतो ते बरंचसं नोटच्या सुरुवातीवरून, आणि ती सुरुवात एन्व्हलपच्या हातात असते.

बरेच जण गोंधळतात ते सस्टेनपाशी. अटॅक, डिके, रिलीज हे तिन्ही वेळ सांगतात पण सस्टेन वेळ सांगत नाही, तो पातळी सांगतो, म्हणजे नोट दाबून धरलीय तोवर आवाज कुठे टिकणार ते. सस्टेन वाढवून नोट लांबत नाही, ती सोडल्यावर मागे रेंगाळायला हवी असेल तर रिलीज वाढवा. आणि व्हॉल्युमचा अटॅक अगदी शून्यावर ठेवून टिक् असा खटका येत असेल तर ३-५ मिलिसेकंद द्या, बहुतेक वेळा जातो.

एलएफओची मजा वेगळी. त्याचा वेग साधारण २० हर्ट्झच्या खाली असतो, म्हणजे माणसाच्या ऐकण्याच्या मर्यादेच्या खाली, म्हणून तो स्वतः ऐकू येत नाही, फक्त त्याने केलेली हालचाल ऐकू येते. पिचला ५-६ हर्ट्झने अगदी थोडा लावला की व्हायब्रेटो (सुराची थरथर), व्हॉल्युमला लावला की ट्रेमोलो (आवाज लहान-मोठा होणं), पल्स म्हणजे चौकोनी लहरीच्या रुंदीला खूप हळू लावला की एकच ऑसिलेटर भरदार वाटायला लागतो, आणि कटऑफला टेम्पो सिंक करून, म्हणजे गाण्याच्या वेगाशी जुळवून, लावला की वॉबल बेस (डुलणारा बेस). १२० टेम्पोला (मिनिटाला १२० ठोके) पाव नोट म्हणजे २ हर्ट्झ, आठवी नोट म्हणजे ४ हर्ट्झ, एवढं लक्षात ठेवलं तर सिंक नसलेल्या सिंथवरही जवळपास जमतं. पण डेप्थ (एलएफओ किती हलवतो ते) जपून, व्हायब्रेटो वेगळा ऐकू यायला लागला म्हणजे बहुतेक तो जास्त झालाय.

एलएफओ वापरताना रीट्रिगर, म्हणजे प्रत्येक नोटला एलएफओ पहिल्यापासून सुरू करणारी सोय, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रीट्रिगर बंद असेल तर नोट दाबताना एलएफओ जिथे असेल तिथून पकडला जातो, म्हणून प्रत्येक नोट जराशी वेगळी निघते. पॅडला हे सुंदर वाटतं. बेसला मात्र एक ठोका उजळ आणि पुढचा मंद असं होऊन सगळी पकड जाते, तिथे रीट्रिगर चालूच हवा.

सीमारेषा तशी पक्की नाहीये. सीरम किंवा व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथमध्ये एलएफओ एकदाच चालेल असा ठेवता येतो, मग तो हाताने काढलेला एन्व्हलपच झाला. उलट काही सिंथमध्ये एन्व्हलप लूप होतो आणि एलएफओचं काम करतो. १९७० च्या मिनीमूग सिंथमध्ये तर वेगळा एलएफओ नव्हताच, तिसरा ऑसिलेटर हळू करून ते काम करून घ्यायचे, म्हणजे व्हायब्रेटो हवा तर आवाजातला एक ऑसिलेटर सोडायचा.

खरा जिवंतपणा येतो दोघांना जोडल्यावर. व्हायब्रेटोची डेप्थ सावकाश अटॅकच्या एन्व्हलपला द्या, साधारण एक सेकंद, म्हणजे नोट आधी सरळ लागते आणि मग हलायला लागते, गाणारा माणूस लांब सूर धरतो तसं. लीड (मुख्य धून वाजवणाऱ्या) आवाजात हे केल्यावर जो फरक पडतो तो खूप मोठा आहे, नक्की करून बघा.

आता छोटा सिंथ घेताना दुसरा एन्व्हलप असलेला घ्यावा की दुसरा एलएफओ असलेला? मी दुसरा एन्व्हलप म्हणेन. १९८२ च्या रोलंड जुनो-६० सिंथमध्ये फिल्टर आणि व्हॉल्युमला मिळून एकच एन्व्हलप आहे, फिल्टर झटकन बंद व्हावा पण व्हॉल्युम टिकावा असं हवं असेल तर व्हॉल्युम गेटवर (नोट दाबली की चालू, सोडली की बंद) टाकावा लागतो आणि मग नोट सोडली की आवाज तिथेच तुटतो, रिलीज मिळत नाही. तरी त्यातून अफाट आवाज निघतात हे खरंच, पण प्लक आणि बेस हेच तुमचं मुख्य काम असेल तर ही अडचण रोजची होईल. फक्त लांब, संथ पॅड आणि ड्रोन (सतत चालणारे सूर) करणार असाल तर मात्र दुसरा एलएफओ घ्या, वेगवेगळ्या वेगाचे दोन संथ एलएफओ एकत्र चालले की तोच तो आकार पटकन परत येत नाही.